ड्रम प्लगइनमधला कोणता आवाज कोणत्या मिडी नोटवर आहे, हे कसे शोधावे?

मुखडा_अंतरा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी तीन कवितांना चाली लावल्या आहेत आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मी घरीच करत आहे. लॅपटॉपवर क्यूबेस हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड आणि क्यूबेसच्या आत चालणारे, ड्रमचे आवाज देणारे एक विनामूल्य प्लगइन एवढी माझी सामग्री आहे. प्लगइनचा आवाज मला मनापासून आवडला आहे, पण त्याच्यासोबत माहितीपत्रक मिळालेले नाही. पडद्यावर ड्रम किटचे चित्र येते, त्यात किक, स्नेअर आणि तीन टॉम हे ड्रम, तसेच हाय-हॅट, राइड आणि दोन क्रॅश या झांजा दिसतात. माउसने टिचकी मारली की प्रत्येक भाग वाजतो, मात्र तो कोणत्या मिडी नोटवर बसवला आहे ते कुठेही लिहिलेले नाही.

कीबोर्डवरच्या सगळ्या पट्ट्या मी एकेक करून दाबून पाहिल्या. अकरा पट्ट्यांवर आवाज मिळाला: टॉम मिळाले, झांजा मिळाल्या, हाय-हॅटही मिळाला, पण किक आणि स्नेअर कुठेच सापडले नाहीत. माझा बडोद्याचा मित्र एफएल स्टुडिओ हे दुसरे सॉफ्टवेअर वापरतो. त्याने पहिल्या गाण्याचा ड्रमचा भाग लिहून मिडी फाइल पाठवली, आणि ती माझ्याकडे लावल्यावर नेमके उलटे झाले. किक आणि स्नेअर अगदी व्यवस्थित वाजू लागले, हाय-हॅट पूर्ण गायब झाला, कडव्याच्या सुरुवातीला जिथे क्रॅश हवा तिथे मधला टॉम वाजू लागला, आणि आठव्या मात्रेपासूनच्या फिलमध्ये, म्हणजे जागा भरणाऱ्या ठोक्यांच्या तुकड्यात, जिथे बारीक टॉमवरून खाली उतरत यायचे आहे, तिथे आधी जमिनीवरचा मोठा टॉम धडाडतो आणि पुढे सगळी शांतता असते.

मित्राला फोनवर विचारले तर तो म्हणाला की किक ‘सी ३’ वर आहे. मी माझ्या की एडिटरमध्ये, म्हणजे क्यूबेसच्या नोटा लिहिण्याच्या खिडकीत, सी ३ वर नोट लिहिली, तर बंद हाय-हॅट वाजला. आता आमच्या दोघांपैकी कोण चुकतो आहे हेच मला कळेनासे झाले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या प्लगइनमधला प्रत्येक आवाज कोणत्या नोटवर आहे याची पूर्ण आणि खात्रीची यादी मला करायची आहे, आणि ती झाल्यावर मित्राची फाइल नीट वाजवायची आहे. तिसऱ्या गाण्याचे काम अजून सुरूही झालेले नाही, त्यामुळे अंदाजाने एकेक नोट हलवत बसण्यापेक्षा एकदाच व्यवस्थित शोध घ्यावा असे वाटते. कृपया मार्ग सांगावा.

मंद्रसप्तक

तुमच्या दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही, आणि तुम्ही लक्षणे इतकी नेमकी सांगितली आहेत की निम्मे उत्तर त्यांतच आहे.

प्रथम सी ३ चा गोंधळ सोडवू. मिडी ही वाद्ये आणि सॉफ्टवेअर यांच्यातली संकेतभाषा आहे, आणि तिच्यात नोट म्हणून प्रवास करतो तो फक्त आकडा, ० ते १२७ यांपैकी एक. ‘सी ३’ हे त्या आकड्याला प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापल्या परीने दिलेले नाव आहे, आणि सप्तकांची मोजणी कुठून सुरू करायची यावर निर्मात्यांचे कधीच एकमत झाले नाही. पियानोच्या मधोमध असलेल्या सीचा आकडा सगळीकडे ६० आहे. त्याला यामाहाच्या पद्धतीने, म्हणजे क्यूबेसमध्ये आणि एबलटन लाइव्हमध्येही, सी ३ म्हणतात, रोलँडच्या पद्धतीने सी ४ म्हणतात, आणि एफएल स्टुडिओ शून्याच्या नोटेलाच सी ० धरत असल्यामुळे तिथे त्याचे नाव सी ५ होते. तुमच्या मित्राचा सी ३ म्हणजे ३६, आणि तुमच्या क्यूबेसमधला सी ३ म्हणजे ६०. मित्राने ३६ सांगितला असता तर हा घोळ झालाच नसता. यापुढे आपापसांत बोलताना नावे सोडून द्या आणि केवळ आकडे सांगा.

आता कीबोर्डवर किक का सापडला नाही ते पाहू. २५ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारणपणे ४८ ते ७२ एवढाच टापू पाठवतो. किक ३६ वर आणि स्नेअर ३८ वर असेल, तर ते तुमच्या डावीकडच्या शेवटच्या पट्टीच्याही एक सप्तक खाली आहेत. कीबोर्डवर सप्तक खाली नेण्याचे बटण असते. ते एकदा दाबले की डावीकडची पहिली पट्टी ३६ होईल आणि तुम्हाला किक ऐकू येईल.

मित्राच्या फाइलमध्ये काय असावे, याचाही अंदाज बांधता येतो. १९९१ साली जनरल मिडी नावाचे एक सामाईक मानक आले. त्यात तालवाद्यांसाठी १० क्रमांकाची वाहिनी ठरवली गेली आणि ३५ ते ८१ या नोटांवर ४७ वाद्ये बसवली गेली. त्यानुसार ३६ वर किक, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट, ४६ वर उघडा हाय-हॅट, ४९ वर क्रॅश, ५१ वर राइड आणि ४१, ४३, ४५, ४७, ४८, ५० वर खालून वर चढत जाणारे टॉम येतात. मित्राने या मानकाप्रमाणे लिहिले आहे असे धरले तर तुमची लक्षणे तंतोतंत जुळतात. तुमच्या प्लगइनच्या कर्त्याने किक आणि स्नेअर मानकाच्या जागी ठेवले आहेत आणि बाकीचा किट स्वतःच्या सोयीने मांडला आहे. बरेच निर्माते असे करतात, कारण एकट्या हाय-हॅटचेच सात-आठ प्रकार ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि मानकात त्यांच्यासाठी तीनच जागा आहेत.

पूर्ण यादीसाठी मी अनेक वर्षे एकच युक्ती वापरतो. प्रकल्पाचा वेग मिनिटाला ६० मात्रा ठेवा, म्हणजे एक मात्रा बरोबर एक सेकंदाची होते. मग एक मिडी भाग उघडून पहिल्या मात्रेवर ० क्रमांकाची नोट, दुसऱ्या मात्रेवर १, तिसऱ्यावर २, असे थेट १२७ पर्यंत लिहा. सगळ्या नोटा हाताने लिहायची गरज नाही. पहिल्या १२ लिहा, त्यांची प्रत पुढे चिकटवा आणि ती १२ ने वर सरकवा. अशा नऊ प्रतींनंतर १२० नोटा होतात, आणि दहाव्या प्रतीतल्या पहिल्या ८ ठेवल्या की काम झाले. प्रत्येक नोट अर्ध्या मात्रेची ठेवा, कारण काही प्लगइनमध्ये नोट फार लवकर सुटली तर आवाज अर्धवट तुटतो. व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचा जोर, सगळ्यांना १०० द्या.

आता हा भाग तुमच्या प्लगइनमधून वाजवून त्याचा ऑडिओ मिक्सडाउन काढा आणि ती ऑडिओ फाइल नव्या ट्रॅकवर अगदी शून्यापासून ठेवा. वरची मोजपट्टी सेकंदांत दिसेल अशी करा. जिथे जिथे लहर उसळलेली दिसेल, तिथला सेकंदाचा आकडा हाच त्या आवाजाच्या नोटेचा आकडा असेल. ३६ व्या सेकंदाला किक उठेल, ३८ व्या सेकंदाला स्नेअर. सगळा फेरा २ मिनिटे ८ सेकंदांत संपतो, आणि यादी कानाबरोबर डोळ्यांनाही दिसते. झांजांचे आवाज लांबत असल्यामुळे एकमेकांत मिसळतील. तसे झाले तर वेग १५ वर आणा. मग प्रत्येक नोटेला ४ सेकंद मिळतात आणि मिळालेल्या सेकंदांना ४ ने भागले की आकडा येतो.

काठी_आणि_ब्रश

मंद्रसप्तक यांची पद्धत उत्तम आहे आणि ती करावीच, पण तिच्याआधी पाच मिनिटांत होण्यासारखी एक गोष्ट करून पाहा. तुमच्या प्लगइनमध्ये तयार तालांचा संग्रह आहे का? बहुतेक ड्रम प्लगइनमध्ये तो असतो आणि त्यातला ताल ओढून थेट ट्रॅकवर टाकता येतो. तसा एखादा भरगच्च ताल ट्रॅकवर टाकून की एडिटरमध्ये उघडला, तर कर्त्याने स्वतःच्या मांडणीप्रमाणे लिहिलेल्या नोटा समोर दिसतात. त्याने हाय-हॅट कुठे ठेवला आहे हे त्याच्याच हस्ताक्षरात वाचल्यासारखे होते. मात्र त्या तालात न वापरलेले आवाज अर्थातच यात दिसत नाहीत.

शिवाय प्लगइनची खिडकी उघडी ठेवून चित्राकडे पाहत राहा. नोट आल्यावर अनेक प्लगइन चित्रातला तो भाग किंचित हलवतात किंवा उजळतात, आणि दोन क्रॅशपैकी डावा वाजला की उजवा, हे कानापेक्षा तिथे लवकर कळते.

मुखडा_अंतरा

दोघांचेही मनापासून आभार. सप्तक खाली नेणारे बटण दाबले आणि पहिल्याच पट्टीवर किक वाजला, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. माझ्या प्लगइनमध्ये तयार ताल नाहीत, म्हणून मी थेट १२८ नोटांचा फेरा केला.

आवाज मिळाले ते असे. ३६ वर किक, ३७ वर स्नेअरच्या कडेवर आडवी काठी, ३८ वर स्नेअर, ४० वरही स्नेअरच पण थोडा वेगळा. ४८, ४९, ५० वर बारीक, मधला आणि मोठा टॉम. ५३ आणि ५५ वर राइड, ५७ आणि ५९ वर क्रॅश, ६० ते ६३ वर हाय-हॅट. बाकी सर्वत्र शांतता आहे.

पण दोन गोष्टींनी मी अडलो आहे. एक म्हणजे या फेऱ्यात सगळा किट मऊ आणि घासल्यासारखा वाजला. स्नेअरवर ठोका ऐकू येण्याऐवजी ‘श्श’ असा आवाज आला. त्याहून वाईट असे की फेरा संपल्यावर मित्राचे गाणे लावले तर तेही तसेच मऊ वाजू लागले. प्रकल्प बंद करून पुन्हा उघडला तेव्हा आवाज पूर्ववत झाला. दुसरी गोष्ट अशी की लहरीच्या चित्रात ५७ व्या सेकंदाला उठलेला क्रॅश बरोबर ५८ व्या सेकंदाला कात्रीने कापल्यासारखा थांबतो. ५९ चा क्रॅश मात्र पुढे दोन-तीन सेकंद रेंगाळतो. फाइल बिघडली असेल असे समजून मी मिक्सडाउन दुसऱ्यांदा काढला, तरीही ५८ वर तोच काप दिसतो.

काठी_आणि_ब्रश

तुमची फाइल बिघडलेली नाही. तुम्हाला दोन अशा नोटा सापडल्या आहेत ज्या स्वतः वाजत नाहीत, आणि त्या सापडणे हे आवाज सापडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नोट शांत आहे म्हणजे ती रिकामी आहे असे कधीही समजू नये.

५८ ही क्रॅश मुठीत धरण्याची नोट आहे. वादक झांज वाजवून लगेच दुसऱ्या हाताने पकडतो, तो परिणाम तिने साधतो. एकटी वाजवली तर काहीच ऐकू येत नाही, कारण पकडायला झांज वाजतच नसते. तुमच्या फेऱ्यात ५७ ची झांज एकच सेकंद आधी वाजलेली असल्यामुळे ती रंगेहाथ सापडली. मंद्रसप्तक यांनी सांगितलेला १५ चा वेग ठेवला असता तर झांज बरीचशी विरून गेली असती आणि हा काप कदाचित डोळ्यांतून सुटला असता, म्हणून दोन्ही वेगांनी फेरा करणे फायद्याचे आहे.

मऊ आवाजाचे कारण ३६ च्या खाली शोधावे लागेल. काही प्लगइनमध्ये वाद्यांच्या टापूबाहेरच्या एक-दोन नोटा कळीसारख्या काम करतात. एक नोट आली की किट काठ्यांनी वाजतो, दुसरी आली की ब्रशने, आणि पुढची आज्ञा येईपर्यंत तीच अवस्था टिकून राहते. तुमचा फेरा शून्यापासून वर चढत गेला, वाटेत ब्रशची कळ दाबली गेली, आणि त्यापुढचे सगळे आवाज तुम्ही ब्रशने वाजवलेले ऐकले. मित्राचे गाणे मऊ झाले तेही याच कारणाने, आणि तुमच्या कीबोर्डचा टापू तिथवर पोहोचत नसल्यामुळे तुम्हाला आजवर याचा पत्ता लागला नव्हता.

ती कळ शोधण्याची रीत सोपी आहे. मात्रेगणिक एकच नोट न लिहिता दोन लिहा: आधी तपासायची नोट, आणि अर्ध्या मात्रेनंतर ३८ चा स्नेअर. ० पासून ३५ पर्यंत असे करत जा. ज्या नोटेनंतर स्नेअरचा स्वभाव बदललेला ऐकू येईल ती ब्रशची कळ, आणि ज्या नोटेनंतर तो पुन्हा मूळ स्वभावावर येईल ती काठ्यांची. काठ्यांची कळ ब्रशच्या आधी असू शकते, आणि मग चढत्या फेऱ्यात ती कळणारच नाही, म्हणून हाच फेरा एकदा ३५ पासून ० पर्यंत उतरताही करा.

यापुढे व्हेलॉसिटीचा प्रश्न येतो. तुम्ही १०० वर ऐकलेत. आता तोच फेरा ३० वर आणि १२७ वर करा. ४० वरचा स्नेअर थोडा वेगळा वाटला असे तुम्ही लिहिले आहे. तो बहुधा कड आणि चामडे यांवर एकदम मारलेला फटका असावा, आणि तसा तो काठ्यांनी व पूर्ण जोराने वाजवल्यावरच ओळखू येईल. काही किटमध्ये ठरावीक जोराच्या वर गेल्यावर वेगळाच ध्वनिमुद्रित नमुना उचलला जातो, त्यामुळे एकाच नोटेवर दोन वाद्ये असल्याचा भास होतो.

हाय-हॅटबद्दल एक इशारा देतो, कारण या एका गोष्टीपायी माझे दोन रविवार गेले होते. अनेक ड्रम प्लगइन हाय-हॅट किती उघडा आहे हे नोटेवरून न ठरवता पायाच्या नियंत्रकावरून, म्हणजे ४ क्रमांकाच्या कंट्रोलरवरून ठरवतात. माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रम किटला मी एक प्लगइन जोडले होते आणि हाय-हॅटचे निम्मे फटके ऐकूच येत नव्हते. कधी तार बदलली, कधी पॅडचा स्क्रू आवळला. शेवटी मिडी-ऑक्स हे विंडोजवरचे साधन उघडले, एका हाताने काठी धरून झांजेच्या मध्यावर आणि मग कडेवर हळूच मारत राहिलो, आणि पडद्यावर येणारे आकडे वाचले. मध्यावर ४२ येत होता आणि कडेवर २२. प्लगइनमध्ये २२ वर काहीच बसवलेले नव्हते. रोलँडच्या पद्धतीत बंद हाय-हॅटची कड २२ वर आणि उघड्याची २६ वर असते, आणि जनरल मिडीचा तक्ता ३५ पासून सुरू होत असल्यामुळे त्यात या दोन्ही जागा नाहीत. आज तुमच्याकडे पॅड नाहीत, पण येणारा आकडा आधी वाचायचा आणि मग प्लगइनला दोष द्यायचा, हा क्रम तुम्हालाही उपयोगी पडेल. मॅकवर याच कामासाठी मिडी मॉनिटर नावाचे साधन आहे आणि लिनक्सवर केमिडीमॉन. अशा काही साधनांत वाहिन्यांची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे तालवाद्यांची १० वी वाहिनी तिथे ९ दिसली तर बिचकू नका.

डग्गा

मी तबल्याचे नमुने स्वतः ध्वनिमुद्रित करून त्यांचा संच बांधतो, म्हणून या विषयावर थोडे लिहावेसे वाटते. सगळ्याच ड्रम सॉफ्टवेअरमध्ये असा चाचपडत शोध घ्यावा लागत नाही. काही प्रकारांत संपूर्ण मांडणी साध्या मजकुरात लिहिलेली असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते.

एसएफझेड हा त्यांतला सर्वांत सोयीचा प्रकार आहे. त्याची फाइल उघडली की प्रत्येक नमुन्यापुढे ‘की’ या शब्दाबरोबर नोटेचा आकडा लिहिलेला दिसतो. एक नमुना अनेक नोटांवर पसरलेला असेल तर ‘लोकी’ आणि ‘हायकी’ अशा दोन मर्यादा असतात, आणि जोराप्रमाणे नमुने बदलत असतील तर ‘लोव्हेल’ आणि ‘हायव्हेल’. काठी_आणि_ब्रश यांनी सांगितलेली कळ ‘एसडब्ल्यू’ ने सुरू होणाऱ्या शब्दांत सापडते, आणि एका आवाजाने दुसरा दाबण्याची व्यवस्था ‘ऑफ_बाय’ या शब्दात. आकड्याऐवजी सी ४ असे नाव लिहिलेले आढळले तर एसएफझेडमध्ये त्याचा अर्थ ६० असा आहे, म्हणजे तुमच्या क्यूबेसमधला सी ३. फाइलच्या सुरुवातीला ‘नोट_ऑफसेट’ असेल तर मात्र सगळे आकडे तेवढ्याने सरकतात. ही ओळ नजरेतून निसटली की पुढची सगळी यादी चुकते.

ड्रमगिझमो हे मुक्त प्रणालीतले प्लगइन वापरत असाल तर तिथे किटची फाइल वेगळी आणि मिडीच्या मांडणीची फाइल वेगळी असते. दुसऱ्या फाइलमध्ये एकेका ओळीत नोटेचा आकडा आणि वाद्याचे नाव असते. ती फाइल चढवायची राहिली तर किट पूर्ण चढूनही एकही आवाज येत नाही. साउंडफाँट या नमुना-संचांच्या आणखी एका प्रकारासाठी पॉलिफोन हे संपादन साधन आहे, आणि त्यातही प्रत्येक नमुन्याचा टापू आकड्यांत दिसतो.

आपल्या वाद्यांच्या संचांत तर हा शोध अटळ आहे, कारण जनरल मिडीच्या ४७ जागांत बोंगो, कोंगा, क्लाव्हे, ट्रायअँगल आहेत, पण तबला नाही, ढोलकी नाही आणि पखवाजही नाही. त्यामुळे ‘ना’ कुठे ठेवायचा आणि ‘घे’ कुठे, हे ज्याचे त्याने ठरवले आहे. ‘धा’ हा बोल दोन हातांचा मिळून होतो. काही संचांत त्याच्यासाठी स्वतंत्र नोट असते, तर काही संचांत ‘ना’ आणि ‘घे’ या दोन नोटा एकाच क्षणी वाजवल्या तरच ‘धा’ उमटतो. असा दुसऱ्या प्रकारचा संच हाती आला आणि एकेका नोटेचा फेरा केला, तर १२८ नोटांत ‘धा’ कुठेही सापडत नाही आणि संच अपुरा आहे असा गैरसमज होतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट अनेकदा स्वर वरखाली करणाऱ्या पिच बेंडच्या चाकावर असते, तीही अशा फेऱ्यात दिसत नाही. माझ्या स्वतःच्या संचात मी बायाचे बोल डाव्या हाताखाली ३६ पासून आणि दाया उजव्या हाताखाली ४८ पासून ठेवला आहे, कारण तबला वाजवणाऱ्याचा हात कीबोर्डवरही त्याच बाजूला जातो.

मुखडा_अंतरा

कळी सापडल्या. २४ वर काठ्या आणि २५ वर ब्रश आहेत. चढत्या फेऱ्यात २५ नंतरचा स्नेअर लगेच बदललेला ऐकू आला, आणि उतरत्या फेऱ्यात २५ ला ब्रश होऊन २४ ला काठ्या परत आल्या. त्यानंतर सुरुवातीला २४ वाजवून २६ पासून पुढचा फेरा पुन्हा केला. ४० वर खरोखरच कड आणि चामडे यांवरचा खणखणीत फटका आहे. ५३ म्हणजे राइडचा पृष्ठभाग आणि ५५ म्हणजे तिची घंटी. ६० बंद, ६१ अर्धवट उघडा, ६२ पूर्ण उघडा आणि ६३ पायाने मिटलेला हाय-हॅट.

आता मित्राच्या फाइलचे काम उरले. ४२ च्या सगळ्या नोटा निवडून ६० वर सरकवायच्या, ४९ च्या ५७ वर, असे करत जाऊ का?

मंद्रसप्तक

तसे करता येईल, पण टॉमपाशी सावध राहावे लागेल. मित्राच्या फाइलमधला बारीक टॉम ५० वर आहे आणि तुमच्याकडे तो ४८ वर आहे. फाइलमध्ये ४८ वरही आधीपासून नोटा असतील, तर ५० च्या नोटा तिथे नेल्यावर दोन्हींची सरमिसळ होते आणि मग त्या वेगळ्या करता येत नाहीत. नोटा हलवायच्याच असतील तर आधी प्रत्येक गट १०० च्या वरच्या मोकळ्या जागेत न्यावा, आणि सगळे गट सुटे झाल्यावर एकेक करून आपापल्या जागी उतरवावा.

तुमच्याकडे क्यूबेस आहे, त्यामुळे याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. फाइलला हातच लावू नका. ट्रॅकच्या इन्स्पेक्टरमध्ये ड्रम मॅप निवडण्याची जागा आहे. तिथे तयार असलेल्या जीएम (म्हणजे जनरल मिडी) मॅपची आधी एक प्रत करा आणि बदल त्या प्रतीतच करा. तक्त्यात प्रत्येक वाद्याच्या ओळीत पिच, आय-नोट आणि ओ-नोट असे रकाने दिसतील. पिच म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली नोट, आय-नोट म्हणजे कीबोर्डवरून येणारी, आणि ओ-नोट म्हणजे प्लगइनला प्रत्यक्ष पाठवली जाणारी. तुम्हाला फक्त ओ-नोट बदलायची आहे. पिच ४२ च्या ओळीत ओ-नोट ६० करा, ४४ ला ६३, ४६ ला ६२, ४९ ला ५७, ५१ ला ५३, ५३ ला ५५ आणि ५७ ला ५९. टॉम सहा आहेत आणि तुमच्याकडे तीनच, म्हणून ५० आणि ४८ दोन्हींना ४८ द्या, ४७ आणि ४५ ला ४९, ४३ आणि ४१ ला ५०. या रकान्यात आकड्यांऐवजी नावे दिसतील, तेव्हा क्यूबेसच्या हिशेबाने ३६ म्हणजे सी १, ४८ म्हणजे सी २ आणि ६० म्हणजे सी ३ हे ध्यानात ठेवा.

याचा मोठा लाभ असा की ड्रम एडिटर उघडल्यावर पट्ट्यांच्या जागी वाद्यांची नावे दिसतात, आणि मित्राने उद्या सुधारलेली फाइल पाठवली तर ती त्याच ट्रॅकवर टाकताच बरोबर वाजते. ५८ च्या झांज पकडण्याच्या नोटेसाठी आणि २४, २५ च्या कळींसाठी तक्त्यातल्या न वापरलेल्या ओळींना स्वतः नावे द्या. तक्ता डीआरएम फाइल म्हणून जतन करून ठेवा, म्हणजे उरलेल्या दोन्ही गाण्यांना तो तसाच लावता येईल. मात्र हा भाग ड्रम मॅप नसलेल्या ट्रॅकवर हलवला तर मूळ पिचच वाजेल, कारण फाइलमधल्या नोटा बदललेल्याच नाहीत. कायमचा बदल हवा असेल तेव्हा मिडी मेनूमधले ओ-नोट कन्व्हर्जन वापरा, आणि तेही भागाची प्रत करूनच.

मुखडा_अंतरा

तक्ता तयार केला आणि मित्राची फाइल जशी आली होती तशीच लावली. कडव्यावर क्रॅश आला, हाय-हॅट पहिल्या मात्रेपासून चालू झाला आणि फिल वरून खाली उतरले. ४७ आणि ४५ दोन्ही मधल्या टॉमवर गेल्यामुळे फिलमध्ये एक ठोका लागोपाठ दोनदा येत होता, तेवढा ४५ मी मोठ्या टॉमकडे वळवला. दुसरे गाणे संथ आहे, म्हणून त्याच्या सुरुवातीला एक मात्रा आधी २५ ची नोट ठेवली आहे आणि तिसऱ्या गाण्याच्या आधी २४ ची. मित्रालाही आकड्यांची यादी पाठवली. त्याने लगेच विचारले की ५८ चा उपयोग पहिल्या गाण्याच्या शेवटच्या क्रॅशवर करू का. करून पाहिला, आणि कवितेची शेवटची ओळ संपते त्याच क्षणी झांज थांबते.